खेळ मुंबईत, बोटे मोहोळात

श्रोते हो, 'व्हिडिओ गेम' हा शब्द कानावर पडला की आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पीकपाणी, बाजारभाव, शाळा-परीक्षा हे सोडून मास्तरांनी आज हे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण हा विषय मी होऊन काढलेला नाही. तो माझ्या घरात चालत आला, आणि त्याच्या मागोमाग लाख रुपयांचा प्रश्नही आला. आज ना उद्या तो तुमच्याही उंबऱ्यात येईल. म्हणून त्याची उकल आज करून बघू.

झाले असे. आमची वस्ती मोहोळपासून आठ-नऊ किलोमीटरवर, सीनेच्या बाजूला. मी शाळेतून निवृत्त झालेला, धाकटे बंधू शेती बघतात. पुतण्या बारावीला, पुतणी दहावीला. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, दिवाळी झाली, डाळिंबाची पट्टी हातात आली आणि पुतण्याने मला मध्यस्थीला धरले. "तात्या, तुम्ही अण्णांना सांगा. मला गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे. लाखभर रुपये लागतील."

बंधूंनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "लाखात एक बोअर होतो."

दोन-तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी पोरगा दुसरीच तोड घेऊन आला. म्हणाला, "कॉम्प्युटर नको. आता मोबाईलवरच खेळता येतंय. कॉम्प्युटर कंपनीचा, खेळ कंपनीचा. आपण महिन्याला थोडे पैसे भरायचे आणि नुसतं खेळायचं."

बंधू म्हणाले, "कॉम्प्युटर जर कंपनीकडं राहतोय, तर तू खेळणार कुठं?"

मंडळी, आमचे बंधू सातवीपर्यंत शिकलेले. पण या साऱ्या विषयाची नाडी त्यांच्या या एका प्रश्नात आहे. खेळ कुठे चालतो आणि बोटे कुठे चालतात, हे एकदा समजले की त्यातला फायदा आणि त्यातली खोच, दोन्ही समजतात.

आता असे बघा. मळणी यंत्र आपल्यापैकी कितीजण विकत घेतात? गावात एखाददुसराच. बाकीचे तासावर भाड्याने आणतात. ज्वारी रास करायची ती चार-सहा तासांची, त्यासाठी यंत्र विकत घेऊन वर्षभर वळचणीला उभे करणे कोणाला परवडेल? ज्याला 'क्लाऊड गेमिंग' किंवा गेम स्ट्रीमिंग म्हणतात, त्याच्या मुळाशी हाच व्यवहार आहे. आजकालच्या मोठ्या खेळांना फार ताकदीचा कॉम्प्युटर लागतो. खेळातले डोंगर, झाडे, मोटारी, त्यांच्या सावल्या हे सगळे त्याला सेकंदात साठ वेळा नव्याने रंगवायचे असते. तो कॉम्प्युटर तुम्ही घ्यायचा नाही. समजा, मुंबईला एखाद्या मोठ्या इमारतीत अशा कॉम्प्युटरांच्या रांगा लावून ठेवल्या आहेत. त्यांतला एक तुमच्यासाठी चालतो. त्याने रंगवलेले चित्र इंटरनेटवरून तुमच्या मोबाईलवर येते आणि तुम्ही दाबलेले बटण त्याच वाटेने मुंबईला जाते. तुमच्या हातातला मोबाईल म्हणजे नुसती खिडकी आणि चार बटणे.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत 'ऑनलाईव्ह' नावाच्या कंपनीने २०१० सालीच असा धंदा सुरू केला होता. आपल्या देशात हे वारे उशिरा आले. जिओने 'जिओगेम्स क्लाऊड' नावाने प्रयत्न केला. व्हीआय कंपनीने २०२४ साली 'क्लाऊड प्ले' काढले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली 'एक्सबॉक्स क्लाऊड गेमिंग' ही सेवा भारतात आणली. पुतण्याच्या कानावर आले होते ते हेच.

यातली आशा खोटी नाही, हे आधी मान्य करू. लाखाचा कॉम्प्युटर ज्याच्या बापाला परवडतो त्यानेच तो खेळ बघायचा, आणि वस्तीवरच्या पोराने त्याची जाहिरात बघायची, हा भेद या तंत्राने मिटू शकतो. यंत्र जुने झाले, भंगारात गेले, ही काळजी कंपनीची. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट खेळापुरतीच नाही. इमारतीचे नकाशे, यंत्राचे सुटे भाग, शरीराची रचना दाखवणारी जी भारी सॉफ्टवेअरे शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडतसुद्धा नाहीत, तीही याच पद्धतीने दूरच्या यंत्रावर चालवून शाळेच्या पडद्यावर आणता येतात. म्हणून 'पोरखेळ' म्हणून हे झटकून टाकू नये.

पण मोहोळच्या माणसाला नवी गोष्ट डोळे झाकून घ्यायची सवय नाही. ज्या मालदांडी ३५-१ ज्वारीने सोलापूर जिल्ह्याच्या कोठारांची कणगी-कणगी भरली, तिची निवड मोहोळच्याच संशोधन केंद्रावर झाली. आधी वाफ्यात पेरून बघायचे, ओंब्या मोजायच्या, मग रानात घालायचे, ही इथली रीत. मी पुतण्याला म्हणालो, "पैसे भरायच्या आधी आपण वाफा करून बघू."

तो वाफा कसा झाला ते सांगतो. पण त्याआधी एक शंका दूर करू. तुम्ही म्हणाल, मोबाईलवर सिनेमा तर छान चालतो. क्रिकेटचा सामना चालतो. मग खेळ का चालू नये? चित्रच तर यायचे!

याचे उत्तर रानातच आहे. सिनेमा म्हणजे शेततळ्याचे पाणी. पुढचे चित्र काय असणार हे ठरलेले असते, म्हणून मोबाईल ते आधीच आणून साठवून ठेवतो. मधे मिनिटभर रेंज गेली तरी साठ्यातले पाणी चालते. तुम्हाला पत्ताही लागत नाही. खेळाचे तसे नाही. पुढचे चित्र काय, हे तुमच्या बोटावर ठरणार. तुम्ही डावीकडे वळलात तर एक, उजवीकडे वळलात तर दुसरे. जे अजून जन्मालाच आले नाही ते साठवणार कसे? म्हणून खेळाला शेततळे नाही. ते पाटाचे वाहते पाणी आहे. आले तर आले, नाही तर सरी कोरडी.

आणि दारे धरणाऱ्याला दुसरीही एक गोष्ट ठाऊक असते. एकजण मोटारीपाशी उभा असतो, दुसरा रानाच्या शेवटच्या टोकाला. सरी भरली की हा ओरडतो, "बंद कर!" त्याने लगेच बटण दाबले तरी पाटात असलेले पाणी यायचे ते येतेच, आणि बांध फुटायचा तो फुटतो. हुकूम देणे आणि त्याचा परिणाम दिसणे यांत जो वेळ जातो, तोच या खेळातला खरा शत्रू. पोरे त्याला 'लॅग' म्हणतात.

हा वेळ किती, त्याचा हिशेब करू. गणिताच्या शिक्षकांनी वही काढावी. एका सेकंदाचे हजार भाग केले की एक मिलिसेकंद. काचेच्या तंतूतून, ज्याला आपण फायबर म्हणतो, प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मोहोळहून मुंबईची तारेची वाट आडवळणाची म्हणून ५०० किलोमीटर धरा. जाऊन-येऊन हजार. म्हणजे लागले ५ मिलिसेकंद. हे काहीच नव्हे. मग उशीर होतो कुठे?

मोहोळ स्टेशनवर उभे राहून बघा. जलद गाडी सुसाट निघून जाते. पॅसेंजरचा लोहमार्ग तोच, पण ती प्रत्येक ठेसनावर थांबते, जलद गाडीला वाट देत साईडिंगला उभी राहते, आणि कुर्डुवाडी येईतो माणूस कंटाळतो. अंतर तेच, वेळ जातो तो थांब्यांत. इथेही तसेच. तुमचे बटण आधी मोबाईलच्या टॉवरकडे जाते. तिथे गावातल्या शेकडो मोबाईलांची रांग असते. पुढे एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर. मुंबईच्या यंत्राला नवे चित्र रंगवायला सुमारे १७ मिलिसेकंद, कारण सेकंदाला साठ चित्रे. मग ते चित्र दाबून लहान करायचे, पाठवायचे, तुमच्या मोबाईलने ते पुन्हा उलगडायचे आणि पडद्यावर दाखवायचे. अशा सगळ्या बेरजा होऊन चांगल्या जोडणीवरही पन्नास-साठ मिलिसेकंद सहज जातात; गर्दीच्या वेळी शंभराच्या वर.

शंभर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढ्याने काय बिघडते? क्रिकेटचेच उदाहरण घ्या. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात तो चार मीटर पुढे गेलेला असतो. वीस मीटरच्या खेळपट्टीवर चार मीटर! तुम्ही बॅट फिरवता तेव्हा तुमच्या पडद्यावर चेंडू टप्पा पडून वर येत असतो. आणि मुंबईच्या यंत्रात यष्टी आडव्या झालेल्या असतात.

त्याहून वाईट म्हणजे हा उशीर एकसारखा नसतो. रोज अर्धा तास उशिरा येणाऱ्या एसटीची सवय होते. आपणही अर्धा तास उशिरा निघतो. पण आज वेळेवर, उद्या तासाने, परवा आलीच नाही, अशा गाडीचे कोणी काय करावे? मोबाईलच्या रेंजचे खेड्यात हेच होते. क्षणात ठीक, क्षणात नाही. बुद्धिबळासारखा विचार करून खेळायचा खेळ असेल तर हे चालून जाते. पण बुद्धिबळाला मुंबईच्या यंत्राची गरजच काय? तो साध्या मोबाईलवरही चालतो. ज्या खेळांसाठी हे भाड्याचे यंत्र आणायचे, त्याच खेळांना हा उशीर सोसत नाही. यातली खोच नेमकी इथे आहे.

आता आमच्या वाफ्याची हकिगत. एका रविवारी पुतण्याने मित्राच्या खात्यावरून मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला. सकाळी आम्ही मोहोळ गावात त्या मित्राच्या घरी बसलो. त्याच्याकडे फायबरची जोडणी, आणि पोरांनी वाय-फायवर न ठेवता वायर थेट लॅपटॉपला जोडली होती. खरे सांगतो, मी थक्क झालो. जुना, कळकट लॅपटॉप. आणि त्यावर पावसाने भिजलेला रस्ता असा चकाकत होता की हात लावून बघावा. मीही गाडी चालवून बघितली. वळण घ्यायला सांगितले की गाडी वळत होती. पुतण्या माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "शंभरपैकी ऐंशी."

दुपारी तीन वाजता तोच खेळ वस्तीवर, मोबाईलवर. चित्र मधूनमधून धूसर होई, जसा काचेवर वाफारा यावा. पण खेळ चालला. पुतण्या म्हणाला, "बघा तात्या, होतंय की." मी म्हणालो, "थांब जरा." पंचवीस-सव्वीस मिनिटे झाली आणि मोबाईलवर संदेश आला की आजचा डेटा संपला. दिवसाला दोन जीबीचा पॅक, अर्ध्या तासाच्या आत साफ!

याचाही हिशेब बघा. अशा खेळाला बरे चित्र यायचे तर सेकंदाला सुमारे १० मेगाबिट लागतात. आठ बिटांचा एक बाईट; म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाईट, मिनिटाला ७५, आणि तासाला साडेचार जीबी. दीड जीबीचा रोजचा पॅक २० मिनिटांत संपतो, दोन जीबीचा २७ मिनिटांत. चित्र आणखी स्वच्छ हवे असेल तर खर्च दुप्पट. ज्यांच्याकडे अमर्याद डेटाचा फाइव्ह-जी पॅक आहे आणि घरात फाइव्ह-जीची रेंजही खरोखर येते, त्यांना ही अडचण नाही. पण पॅकवर 'फाइव्ह-जी' छापलेले असणे वेगळे आणि गोठ्याच्या पत्र्याखाली ते मिळणे वेगळे. देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. आमच्या वस्तीवर ते पिंपळाच्या पारावर मिळते, घरात शिरले की नाहीसे होते.

रात्रीसाठी वर आणखी एक छोटा रिचार्ज मारावा लागला. साडेआठला, जेवणे झाल्यावर, पुन्हा बसलो. ही वेळ सगळ्या गावाची. कोणी मालिका बघतो, कोणी बातम्या, कोणी पुण्याला नोकरीला असलेल्या लेकाशी बोलतो. मळणीच्या ऐन दिवसांत यंत्रासाठी जशी रांग लागते तशी टॉवरवर रांग. पुतण्याची गाडी सरळ रस्त्यावर ठीक जाई आणि वळणावर दर वेळी कुंपणात घुसे. तो दात-ओठ खाऊन बटण दाबत होता. मी त्याला सरी फुटल्याची गोष्ट सांगितली. हसला नाही.

त्याच वेळी पुतणी आली. म्हणाली, "तात्या, दुपारपासून नेट बंद आहे. आमच्या बाईंनी बीजगणिताचा व्हिडिओ पाठवलाय, तो बघायचा राहिला. उद्या वर्गात विचारणार आहेत." घरात हा चांगला मोबाईल एकच. आणि दिवसाचे दोन जीबी दोघांच्या वाट्याचे. दुपारी मोटारीच्या शर्यतीत जे वाहून गेले, ते तिच्या बीजगणिताचे पाणी होते. हे आम्हा दोघा मोठ्यांच्या ध्यानात आले नव्हते. पोरीने सांगितले तेव्हा आले. रात्रीच्या रिचार्जमध्ये जे उरले होते ते तिला दिले आणि आमचा वाफा तिथेच संपवला.

श्रोते हो, आता पैशाचा आणि मालकीचा विचार करू. महिन्याची वर्गणी सेवेसेवेला वेगळी असते, आणि ती बदलतेही. हिशेबापुरते महिना ७०० रुपये धरा. वर्षाचे ८,४००. पाच वर्षांचे ४२,०००. लाखापेक्षा कमी, हे खरे. पण त्यावर नेटचे बिल वेगळे, हातात धरायचा कंट्रोलर वेगळा. आणि पाच वर्षांनी हातात काय राहिले? विकत घेतलेला कॉम्प्युटर जुना झाला तरी मोडीला जातो, घरात पडून असला तर पोराला त्यावर चार अक्षरे टंकता येतात. भाड्याच्या यंत्राचे भाडे थांबले की यंत्र दारातून निघून जाते. भाडे देणे वाईट नव्हे. मळणी आपण भाड्यानेच करतो. पण भाडे आहे हे ओळखून द्यावे, मालकी समजून देऊ नये.

यंत्रवालाच धंदा बंद करून गेला तर काय होते, याची उदाहरणे घडून गेली आहेत. मघाशी सांगितलेले 'ऑनलाईव्ह' ३० एप्रिल २०१५ रोजी बंद झाले, आणि त्याच्यावर अवलंबून राहिलेल्यांचे खेळ त्याच्याबरोबर गेले. त्यानंतर गूगलसारख्या बलाढ्य कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'स्टेडिया' ही सेवा परदेशांत सुरू केली. भारतात ती आलीच नाही. पैसा, यंत्रे, हुशार माणसे, कशाचीही उणीव नव्हती. तरी पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. गूगलने लोकांनी विकत घेतलेल्या खेळांचे आणि सामानाचे पैसे परत दिले, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. पण पैसे परत देणे ही कंपनीची मर्जी आणि ऐपत होती. ज्याची ऐपत नाही त्याच्याकडून काय परत येणार?

सेवा चालू असली तरी तिच्यातला एखादा खेळ नाहीसा होऊ शकतो. 'जीफोर्स नाऊ' नावाच्या सेवेतून २०२० साली काही मोठ्या प्रकाशकांनी आपले खेळ काढून घेतले. काल होता, आज नाही. ग्रंथालयाने पुस्तक परत मागावे तशातला हा प्रकार; फरक इतकाच की तुमचे वाचन पंचविसाव्या पानावर असले तरी पुस्तक जाते.

खेड्याची म्हणून आणखी एक अडचण आहे. लाईट गेली की घरातले वाय-फायचे डबडे बंद. गावात पाइपलाइनसाठी जेसीबी चालला की फायबर तुटते, आणि जोडायला माणूस कधी येईल ते सांगता येत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. पण फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येणे आणि वस्तीवरच्या घरापर्यंत येणे यांत मोठे अंतर आहे. मुख्य कालवा आला म्हणजे आपल्या रानात पाणी आले असे होत नाही, पोटचारी लागते. उजनीच्या लाभक्षेत्रातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता पालकांच्या मनातली खरी धास्ती. खेळाच्या नावाखाली जुगार होतो का? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पैसे लावून, जिंकण्या-हरण्यावर पैशाचा व्यवहार करणारे ऑनलाईन खेळ हा एक प्रकार. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला; २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा वाद त्यात उरलेला नाही. पैशाची पैज असली की बंदी. वर्गणी भरून करमणुकीसाठी खेळणे हा दुसरा प्रकार. त्याला हा कायदा आडवा येत नाही. तेव्हा पोराने वर्गणी मागितली म्हणजे तो जुगारी झाला असे समजू नये, आणि नुसती वर्गणीच आहे ना, म्हणून डोळेही मिटू नयेत. वर्गणी भरताना 'ऑटोपे' चालू राहिले की पुढच्या महिन्यात आपोआप पैसे कापले जातात. ते कुठे बंद करायचे हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावे. खेळाच्या आत पुन्हा पोशाख, गाड्या, हत्यारे विकायला असतात. बापाचा यूपीआयचा आकडा पोराला ठाऊक असला की तिथे गळती लागते. आणि कोणी 'स्वस्तात खाते देतो' म्हणून ओटीपी मागितला तर त्याला वेशीवरूनच परत पाठवावे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकीची कामे, झोप, अभ्यास मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, याला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात विकार म्हणून स्थान दिले आहे; ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले. पण प्रत्येक खेळणारे मूल रोगी नसते. असे वागणे बराच काळ, साधारण वर्षभर, टिकले तरच तो विकार मानतात. म्हणून वर्गात टोमणे मारण्याऐवजी झोप किती होते, जेवण वेळेवर आहे का, मित्र उरले आहेत का, हे विचारावे. भाड्याच्या यंत्राने इथे एक नवी अडचण आणली आहे. मोठा कॉम्प्युटर ओसरीत दिसत असे, त्याच्यापुढे बसलेले पोर दिसत असे. आता तोच खेळ गोधडीत शिरला आहे.

मला यात जुन्या काळातली एक गोष्ट आठवते. १९५६ साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रवणमंडळांचा प्रयोग झाला. गावोगावी मंडळी रेडिओभोवती बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि शंका पत्राने केंद्राकडे पाठवत. उत्तर पुढच्या एखाद्या कार्यक्रमात येई. बोलणे तिकडचे, प्रश्न इकडचा, आणि मधे काही दिवसांचा उशीर. त्या उशिराचे कोणाला काही वाटत नसे, कारण प्रश्न पेरणीचा असे आणि पेरणीला अजून अवकाश असे. उशीर चांगला की वाईट, हे कामावर ठरते. व्याख्यानाला, नकाशा बघायला, शरीराचा सांगाडा फिरवून दाखवायला सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर काहीच नाही. म्हणून मी शिक्षकांना म्हणेन, या तंत्राचा शाळेला उपयोग होईल तो बहुधा शर्यतीच्या खेळाच्या आधी होईल. फक्त शाळेने आधी तीनही वेळा वाफा करून बघावा : सकाळी, दुपारी, आणि ज्या दिवशी सगळ्या वर्गांना नेट लागते त्या दिवशी.

शेवटी आमच्या घरात काय ठरले ते सांगतो. त्या रात्रीनंतर मी पुतण्याला शांतपणे विचारले, "तुला खेळायचं आहे, की खेळ तयार करायचे आहेत?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तयार करता आले तर पाहिजेतच की. पण ते आपल्याला कुठं जमणार?"

मी त्याला सांगितले, पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी तयार केलेला 'राजी' नावाचा खेळ २०२० साली निघाला आणि जगभर खेळला गेला. पुणे मोहोळपासून किती लांब? एका गाडीच्या अंतरावर. पण खेळ तयार करायला भाड्याचे यंत्र चालत नाही. भाड्याच्या यंत्राचे झाकण उघडता येत नाही. त्यात आपला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, काही मोडून पुन्हा जोडता येत नाही. मळणी यंत्र भाड्याने आणून मेकॅनिक होता येत नाही. त्यासाठी घरचे एक मोडके इंजिन लागते.

तेव्हा लाखाचा कॉम्प्युटर आला नाही आणि बारा महिन्यांची वर्गणीही भरली नाही. सोलापुरातून एक साधा, वापरलेला कॉम्प्युटर बंधूंनी स्वतः जाऊन आणला. 'ब्लेंडर' आणि 'गोडो' अशी दोन सॉफ्टवेअरे आहेत. एकात चित्रे आणि आकार घडवतात, दुसऱ्यात खेळ बांधतात. दोन्ही फुकट मिळतात आणि ती वापरायला परवानगी कोणाची लागत नाही. ती एकदा उतरवून घेतली की नेट नसले तरी चालतात. वर्गणीबद्दल असे ठरले की परीक्षा झाल्यावर, उन्हाळ्याच्या सुटीत, एका महिन्याची भरायची, मोहोळातल्या त्या मित्राच्या फायबरवर खेळायचे, आणि ऑटोपे पहिल्याच दिवशी बंद करायचे. डेटाचीही वाटणी झाली. संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल पुतणीचा.

परवा पुतण्याने मला बोलावून पडद्यावर काही दाखवले. एक चौकोनी ठोकळा, काळ्या जमिनीवर. बाण दाबला की सरकतो, सोडला की थांबतो. बंधू मागे उभे होते. त्यांनी बराच वेळ बघितले आणि विचारले, "हा कुठं चालतोय? मुंबईला?"

"नाही अण्णा," पोरगा म्हणाला, "इथंच."